चाळकेवाडीची पाती ते दिवाडीचं यार्ड : फायबरच्या वाटेवर

मेचा शेवटचा आठवडा सहलीला कोणी निवडत नाही. घाटावर वळवाचे ढग, किनाऱ्यावर चिकचिक, हॉटेलांत सुट्टीची गर्दी. पण काचेच्या धाग्याचं आणि रेझिनचं (घट्ट होणाऱ्या कृत्रिम राळेचं), म्हणजे फायबरचं काम बघायचं असेल तर याच दिवसांत जावं. साताऱ्याच्या पवनचक्क्यांच्या पठारावर वारा धरायला लागलेला असतो. १ जूनपासून मासेमारी बंद होणार म्हणून कोकणात बोटी वर ओढण्याची आणि डागडुजीची घाई असते. आणि उष्मा-दमटपणा इतका असतो की या कामात काय काय बिघडू शकतं ते सगळं डोळ्यांसमोर घडतं.

लोखंडी पत्रा कारखान्यातून चाचणीचा दाखला घेऊन येतो, आपण फक्त कापतो आणि जोडतो. फायबरचं तसं नाही. वस्तू आणि तिचं साहित्य एकाच वेळी, एकाच साच्यात तयार होतं. त्या दिवशीच्या हवेत आणि त्या दिवशीच्या हातांनी. साताऱ्यापासून गोव्यापर्यंत प्रत्येक मुक्कामी हाच मुद्दा वेगळ्या रूपात भेटत राहिला.

पहिला दिवस : सातारा, ठोसेघर, चाळकेवाडी

सज्जनगडाच्या रस्त्याने वर निघालं की वीस-बावीस किलोमीटरवर ठोसेघर आणि पुढे चार-पाच किलोमीटरवर चाळकेवाडीचं पठार. मेमध्ये धबधब्यात पाणी नसतं, तिथे वेळ घालवू नये. वाटेत करवंदांचे द्रोण घेऊन बसलेल्या बायका भेटतात. ठोसेघरला झुणका-भाकर खाऊनच वर जावं, पठारावर सावली नाही.

इथल्या जुन्या पवनचक्क्यांमधली बरीच लहान क्षमतेची आहेत. ३५० किलोवॅटच्या यंत्राच्या चक्राचा व्यास साधारण ३३ मीटर, म्हणजे एक पातं सोळा मीटरच्या आसपास. आज देशात उभ्या राहणाऱ्या ३ मेगावॅटच्या यंत्रांचा व्यास १४० मीटरच्या पुढे गेला आहे. लांबी चौपटीहून जास्त झाली, पण वजन त्या हिशोबाने वाढलं असतं तर पातं स्वतःच्याच भाराने वाकलं असतं. ते वाढू दिलं नाही ते आतल्या रचनेने. पात्याच्या पोटात लांबीभर एक कणा असतो. त्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांत सगळे धागे एकाच दिशेने, मुळापासून टोकाकडे, घातलेले असतात. लांब पात्यांत या पट्ट्यांसाठी आता कार्बनच्या आधीच ओढून, शिजवून (म्हणजे रेझिन कडक करून) तयार केलेल्या फळ्या वापरतात. कापड साच्यात पसरताना सुरकुती पडली, धागा थोडा जरी वाकडा झाला, तर दाब सहन करण्याची ताकद झपाट्याने उतरते. तयार फळीत धागा सरळच राहतो. दोन कवचांमध्ये बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोमचा गाभा आणि दोन्ही कवचं चिकटवायला घट्ट पेस्ट. पातं आतून पोकळ असतं हे बहुतेक पाहुण्यांना माहीत नसतं.

एका यंत्राखाली देखभालीची टोळी थांबली होती. वर एक जण दोराला लटकून पात्याची पुढची धार तपासत होता, खाली त्याचा जोडीदार वाऱ्याचा वेग मोजत होता. सेकंदाला १०-१२ मीटरच्या वर गेला की माणूस खाली. धारेवरचा रंग कुठे कुठे सँडपेपर मारल्यासारखा खरवडलेला दिसत होता. हे पावसाचं काम. पात्याच्या टोकाचा वेग ताशी दोन-अडीचशे किलोमीटर, मोठ्या यंत्रांत तीनशेच्या आसपास; त्या वेगाला पावसाचा थेंब खड्यासारखा बसतो. आधी रंग जातो, मग पुट्टी, मग काचेचं कापड उघडं पडतं आणि पाणी आत शिरायला वाट मिळते. त्यावर उपाय म्हणजे धारेवर पॉलियुरेथेनची जाड टेप किंवा लेप. टेपची कड उचलली गेली असेल तर ती नसलेली बरी, कारण ती वाऱ्यात फडफडून भोवतालचा रंगही घेऊन जाते.

"वीज पडली की पातं फुटतं का?" हा प्रश्न तिथे सगळेच विचारतात. खालच्या जोडीदाराचं उत्तर नेमकं होतं : "वीज पडतेच साहेब, दरवर्षी. फुटतं ते आत पाणी असेल तर." टोकाला वीज झेलणारी धातूची बटणं असतात, तिथून आतून जाड तार मुळाकडे आणि पुढे जमिनीत जाते. पण टोकाशी पाणी साचलेलं असेल तर विजेच्या उष्णतेने त्याची क्षणात वाफ होते आणि मागची धार चिरते. म्हणूनच टोकाजवळ पाणी निघून जायला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते मेलेल्या किड्यांनी आणि धुळीने बुजतं. पावसाळ्याआधी ते मोकळं करणं हे पाच मिनिटांचं काम, पण त्यासाठी दोरावर चढावं लागतं, म्हणून राहून जातं.

जाणाऱ्यांसाठी : यंत्रांचं आवार खाजगी आहे, कुंपणाच्या आत शिरू नये. दुर्बीण न्यावी. मागची धार आणि टोक बघायचं तर यंत्र थांबलेलं असताना, सूर्य पाठीशी ठेवून. आभाळ गडगडायला लागलं तर पठारावरून तडक उतरावं.

दुसरा दिवस : महामार्ग आणि फोंडा घाट

सातारा ते कोल्हापूर रस्त्यात सांगण्यासारखं एकच. एका धाब्याबाहेर पात्याचा ट्रेलर उभा होता. लांबी अशी की पुढचा ड्रायव्हर चहा पीत होता तिथून मागचा दिसत नव्हता. मागच्या चाकांना वेगळं स्टिअरिंग आणि ते फिरवायला वेगळा माणूस. वळणावर दोघांचं फोनवर बोलणं चालू असतं. पात्याचं मूळ गोल, आत माणूस उभा राहील एवढं. कडेने बोल्टची रांग. पात्याच्या या भागात काचेचे थर सर्वांत जास्त असतात, कारण सगळा भार शेवटी या बोल्टांतून जातो. जाड थर म्हणजे शिजताना उष्णता जास्त. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं आणि काच उष्णता बाहेर सोडत नाही. घाई केली तर मधला भाग जळकट, ठिसूळ होतो. म्हणून मुळाचा भाग बऱ्याचदा आधी वेगळा करून घेतात आणि मग मुख्य साच्यात ठेवतात. "वाऱ्याचा त्रास किती?" विचारल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "वाऱ्याचा नाही, लोकांचा. मधूनच मोटारसायकल घालतात."

कोल्हापुरात तांबडा-पांढरा झाला. राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरताना वळवाची एक सर आली आणि काचा आतून धुरकट झाल्या. घाटमाथा आणि कणकवली यांच्या हवेत केवढा फरक आहे ते अंगाला लगेच कळतं. रेझिनलाही कळतं.

तिसरा दिवस : मालवण, सर्जेकोट

सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी होडी पावसाळ्यासाठी मेअखेरीस बंद होते, तेव्हा किल्ला किनाऱ्यावरून बघायचा. सकाळी साडेसहाला सर्जेकोटच्या बाजूला जावं. बोटी दोरखंड आणि ओंडक्यांवरून वर ओढायचं काम चालू असतं. लहान बोटी जवळजवळ सगळ्या फायबरच्या. लाकडाच्या होडीला दरवर्षी तेल, भेगा बुजवणं आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची भीती. फायबरला यातलं काही नाही, वजन कमी आणि बाहेर टांगायच्या इंजिनाला इंधनही कमी लागतं.

जवळच्या एका शेडमध्ये चोवीस फुटी बोटीच्या साच्यावर काम सुरू होतं. मिस्त्री पन्नाशीचे, हातावर जुन्या रेझिनचे कडक डाग. सगळं काम सकाळी अकराच्या आत उरकायचं, नंतर रेझिन बादलीतच बसतं. त्यांनी केलं ते क्रमाने असं :

साच्याला मेण, वाळवून कापडाने घासून पुन्हा मेण. नवा साचा असेल तर असे पाच-सहा हात. त्यावर वस्तू साच्यातून सुटावी म्हणून पीव्हीएचा पातळ थर. मग जेलकोट, म्हणजे रेझिनचा बाहेरचा रंगीत थर, अर्धा मिलिमीटर, म्हणजे चौरस मीटरला ५०० ते ६०० ग्रॅम. हा थर फार पातळ झाला तर पुढच्या रेझिनमधलं स्टायरीन (रेझिन पातळ ठेवणारं द्रावक) त्याला खातं आणि मगरीच्या कातड्यासारख्या सुरकुत्या पडतात. फार जाड झाला तर धक्क्याने तडकतो. बोट लावून बघायचं : चिकट लागावा पण रंग बोटाला येऊ नये. मग पहिली मॅट, म्हणजे आखूड विस्कटलेल्या धाग्यांची चादर, चौरस मीटरला ३०० ग्रॅमची. त्यानंतर ४५० ची मॅट, ६०० चं रोव्हिंग, म्हणजे जाड धाग्यांचं विणलेलं कापड, पुन्हा ४५०, पुन्हा ६०० आणि शेवटी ४५०. दोन तुकड्यांची जोड पाच सेंटिमीटर एकमेकांवर, आणि वरच्या थराची जोड खालच्या जोडीवर येऊ द्यायची नाही. विणलेल्या दोन थरांमध्ये मॅट का? कारण रोव्हिंगवर रोव्हिंग घातलं तर मधे रेझिनचा नुसता थर राहतो आणि लाटेच्या आदळआपटीत तिथूनच पदर सुटतात.

हिशोब करायचा तर या थरांत चौरस मीटरला २.८५ किलो काच होते. मॅट आपल्या वजनाच्या सव्वादोन-अडीच पट रेझिन पिते, रोव्हिंग साधारण वजनाइतकं. म्हणजे पाच किलोभर रेझिन. एकूण आठ किलोच्या आत-बाहेर आणि जाडी पाच मिलिमीटरच्या थोडी वर. एखाद्याने जाडी सात दाखवली आणि काच तेवढीच असेल तर ग्राहकाने दोन मिलिमीटर रेझिन विकत घेतलं, ताकद नाही. मिस्त्री मालवणीत म्हणाले, "जाड आसा म्हणान मजबूत आसता असा नाय. काच किती, ता विचारूचा."

हार्डनरचं गणित हवेवर. रेझिन घट्ट करणारा हार्डनर म्हणजे एमईकेपी, एक ते दोन टक्के. मेमध्ये ३४-३५ अंशांना एक टक्का पुरे होतो, तरी वीस मिनिटांत रेझिन ओढायला लागतं. म्हणून एका वेळी दोन किलोच कालवायचं. वेळ वाढवावा म्हणून एक टक्क्याच्या बरंच खाली गेलं तर मात्र रेझिन कधीच पूर्ण शिजत नाही. वरून कडक वाटतं आणि वर्षभरात मऊ पडतं, पाणी पितं. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं रसायन) आणि एमईकेपी एकमेकांत थेट कधीही ओतू नये, आग लागते, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. दोन्ही बाटल्या एका फळीवरही ठेवत नाहीत हे या शेडमधलं सर्वांत समाधानकारक दृश्य होतं. मास्क मात्र खुंटीवर टांगलेले. स्टायरीनचा वास नाकाला सवयीचा होतो म्हणून तो निरुपद्रवी होत नाही.

साडेनऊच्या सुमारास आभाळ भरून आलं आणि मिस्त्रींनी पहिली हाक दिली ती मॅटच्या रोलसाठी : "रोल झाकात!" साचा नंतर. पावसाचा थेंब तर सोडाच, रात्रभर उघड्यावर राहिलेली मॅटही दमट हवेत ओल धरते. तशी मॅट भिजवली की काच पारदर्शक होत नाही, पांढुरकी राहते. ते पांढरे डाग म्हणजे रेझिन धाग्याला चिकटलंच नाही याची खूण. रोल कोरड्या खोलीत, प्लॅस्टिकमध्ये, जमिनीपासून वर. काम अर्धवट राहून दोन दिवस गेले तर पुढचा थर घालण्याआधी पृष्ठभाग घासून खरबरीत करावाच लागतो, कारण जुन्या शिजलेल्या थराला नवा थर रसायनाने जुळत नाही, फक्त चिकटतो. गंमत अशी की बोटी रिकाम्या असतात तो काळ म्हणजे जून-जुलै, आणि तोच दुरुस्तीला सर्वांत वाईट. शहाणे मालक मोठं काम मेच्या मध्यालाच काढतात. उरलेले ताडपत्रीखाली हॅलोजनचे दिवे लावून करतात आणि ऑक्टोबरात पुन्हा येतात.

जुनी फायबर बोट घेणाऱ्याने काय बघावं, हे तिथल्याच एका नाखव्याने बोटीभोवती फिरून दाखवलं. नाण्याने किंवा छोट्या हातोडीने सगळीकडे टकटक करावी. टणक आवाज यावा, बद्द आवाज आला तिथे पदर सुटलेत. तळाला पाण्याखालच्या भागात बारीक फोड आलेत का ते उन्हात तिरकं बघावं. फोड फोडून आंबट वासाचं चिकट पाणी आलं तर रेझिनमध्येच पाणी मुरलंय. साध्या 'ऑर्थो' प्रकारच्या रेझिनऐवजी बाहेरच्या थरांना पाण्याला जास्त टिकणारं 'आयसो' वापरलं असतं तर हे बरंच टळलं असतं. सर्वांत महत्त्वाचं मागचं टोक, जिथे इंजिन टांगतात. तिथे आत प्लायवुड असतं. बोल्टची भोकं नुसती पाडून ठेवली असतील तर पाणी आत जाऊन प्लाय कुजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिनाचा दांडा धरून वर-खाली हलवावा. मागची फळी हलली तर भाव निम्मा करावा किंवा नमस्कार करून निघावं.

भोक पडलेली बोट दुरुस्त करताना नुसतं ठिगळ लावू नये. भोकाच्या कडा जाडीच्या बारा पट अंतरापर्यंत उतरत्या घासायच्या. पाच मिलिमीटरच्या कवचाला सहा सेंटिमीटर. मग थरामागून थर, मूळ क्रमानेच. घासताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा आणि मनगटावर टेप गुंडाळावी. नंतर गरम पाण्याने अंघोळ केली तर खाज वाढते, गार पाण्याने करावी.

दुपारी बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. बंदी जवळ आल्याने मासळीचे भाव चढलेले. खानावळीच्या मावशी म्हणाल्या, "आता दोन महिने सुक्यावर." फणस मात्र फुकट.

चौथा दिवस : गोवा, दिवाडी

मालवणहून कुडाळ-सावंतवाडीमार्गे पणजी तीन-साडेतीन तास. गोव्यात फायबरचं काम कोकणापेक्षा एक पायरी पुढे गेलंय, कारण गिऱ्हाईक वेगळं : पर्यटनाच्या बोटी, गस्तीच्या नौका, शिडाच्या होड्या. आधी वेळ ठरवून एका लहान कारखान्यात व्हॅक्यूम इन्फ्युजन बघायला मिळालं.

इथे ब्रश नाही, वासही जवळजवळ नाही. साच्यात काचेचं कापड कोरडंच मांडतात, त्यावर सोलून काढायचं कापड, रेझिन पसरवणारी जाळी, नळ्या, आणि सगळ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, कडेने चिकट पट्टीने बंद. पंपाने हवा काढली की पिशवी कापडाला घट्ट बसते. मग लगेच रेझिन सोडत नाहीत. पंपाची नळी बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा बघतात. काटा सरकला तर कुठेतरी गळती आहे. इथे सगळा वेळ जातो. कान लावून, बोटांनी पट्टी दाबत एक एक घडी तपासत फिरतात. गळती राहिली तर त्या रेषेत हवेचे पांढरे पट्टे उमटतात आणि तो भाग फेकावा लागतो. हाताच्या कामात चूक झाली तर एक थर वाया जातो, इथे आख्खी बोट. रेझिन आत यायला लागलं की ते कापडात सरकताना दिसतं, आणि तेवढा वेळ कोणी बोलत नाही.

फायदा आकड्यांत दिसतो. हाताच्या कामात वजनाचा तिसरा हिस्सा काच, इथे दोन तृतीयांशाच्या आसपास. मालवणच्या त्याच २.८५ किलो काचेला इथे दीड किलो रेझिन पुरतं. पण एक फसगत आहे. थर निम्म्याहून पातळ होतो आणि वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे घटतो. ताकद तीच, पण पत्रा लवलवतो. म्हणून मधे पीव्हीसी फोमचा किंवा बाल्साचा गाभा घालून दोन कातड्या दूर नेतात. गाभा आला की त्याची दुखणीही आली : जिथे नळ, बोल्ट किंवा खुंटा बसवायचा तिथला गाभा काढून भरीव करावं लागतं, नाहीतर भोकातून पाणी शिरून आतल्या आत पसरतं. आणि इपॉक्सी हे दुसरं रेझिन वापरणार असाल तर मालवणची सवय सोडावी. तिथल्या पॉलिएस्टर रेझिनमध्ये हार्डनर कमी-जास्त करून वेळ सांभाळता येते. इपॉक्सीचं प्रमाण ठरलेलं, वजनकाट्यावर मोजूनच. लवकर बसावं म्हणून जास्त हार्डनर घातला तर तो उरतो आणि वस्तू मऊ राहते. वेग बदलायचा तर हार्डनरचा प्रकार बदलायचा.

संध्याकाळी जुन्या गोव्याहून फेरीने दिवाडी बेटावर. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडे मांडवीकाठी शेतं, चर्च, बंद घरं, आणि रत्नाकर दांडेकर यांचं बोटी बांधण्याचं यार्ड. नौदलाची शिडाची नौका 'म्हादेई' इथली. हॉलंडच्या व्हॅन द स्टाट या नौका-आरेखन संस्थेच्या टोंगा ५६ आराखड्यावर बांधलेली, ५६ फुटी, फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलाला मिळाली. तिचं कवच म्हणजे लाकडी पट्ट्यांचा गाभा आणि दोन्ही बाजूंनी इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड. लाकडाचा गाभा म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांनी तिच्या प्रवासांची वही बघावी : नौदल अधिकारी दिलीप दोंदे २००९-१० मध्ये तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. पुढे याच आराखड्यावर याच यार्डातून 'तारिणी' आली आणि २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला वळसा घालून आल्या. एकच नौका बांधायची असेल तर महागडा साचा करण्यापेक्षा लाकडी पट्ट्यांवर काच चढवणं स्वस्त आणि हलकं पडतं. दहा सारख्या बोटी हव्या असतील तर साचा.

दांडेकरांच्याच होडी इनोव्हेशन्सने अजिंठ्याच्या चित्रातल्या पाचव्या शतकातल्या जहाजावरून 'कौंडिण्य' बांधलं, हे या प्रवासातलं आश्चर्य. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात दाखल झालं. कवचाच्या फळ्या खिळ्यांशिवाय, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. सांध्यांना नैसर्गिक राळ. तिथेही धागा आणि राळच, फक्त धागा नारळाचा आणि शिवण सोडवून फळी बदलता येणारी.

तीच सोय काचेच्या बोटीत नाही. परतीच्या फेरीतून काठावर दोन मोडक्या फायबर होड्या दिसल्या, गवत उगवलेल्या. लाकडी होडी शेवटी चुलीत जाते. शिजलेलं पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी पुन्हा वितळत नाही, उघड्यावर जाळलं तर काळा विषारी धूर आणि काचेची भुकटी. सध्याचा व्यवहार्य मार्ग म्हणजे तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत देणं : रेझिन जळणाचं काम करतं, काचेतली सिलिका सिमेंटमध्ये जाते. पवनचक्क्यांत याच्या पुढे पाऊल पडलं आहे. सीमेन्स गमेसा कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या, पुनर्वापर होऊ शकणाऱ्या पात्यांत आदित्य बिर्ला समूहाचं असं रेझिन आहे की ते सौम्य आम्लात, गरम केल्यावर, सुटतं आणि धागे वेगळे निघतात. २०२२ मध्ये जर्मनीच्या कास्कासी समुद्री प्रकल्पात ती बसली. कोकणातल्या चोवीस फुटी बोटीला हे रेझिन आज परवडणारं नाही. तोवर निदान साच्याजवळ पडणारी कात्रणं तरी खाडीत न टाकता पोत्यात भरून ठेवावीत. सर्जेकोटच्या त्या शेडमध्ये अशी पोती रचलेली होती, ती उचलायला येणारा मात्र अजून कोणी नव्हता.